आधी आपला डोळा, मग तात्यासाहेबांचा

आमचे जगदेवराव माकडांच्या डोळ्यांचे फोटो काढतात. कुणी विचारलं तर मी सरळ असंच सांगते आणि समोरचा हसतो. हसू दे बापडा. माझं लग्न ठरत होतं तेव्हा देवासहून माझे मामा चौकशीला धारला आले होते. मुलगा पीथमपुरला औषधांच्या कंपनीत आहे एवढं ऐकून खूश झाले, आणि मग कळलं की तो तिथे उंदरांना दाणापाणी घालतो. चहाचा कप त्यांच्या हातातच राहिला. परत येऊन आईला म्हणाले, "पोरगा चांगला आहे, पण उंदरांच्या पुढे जाईल का काही?" गेले की. उंदरांवरून सशांवर गेले, सशांवरून माकडांवर. आता मामा हयात नाहीत, नाहीतर त्यांना ऐकवलं असतं.

घराणं मूळचं दरबारातल्या घोड्यांची निगा राखणारं. माझ्या सासूबाई, नर्मदाबाई, अजून सांगतात की जनावरांची माया या घराच्या रक्तात आहे. मी म्हणते, रक्तात असेल, पण वास शर्टाला आहे आणि तो शर्ट मी धुते.

तर या माणसाने गेल्या दसऱ्यापासून थेट संक्रांतीपर्यंत एक गोष्ट पोटात ठेवली होती, की आपले डोळे चालले, आता आपण आंधळे होणार. इतके दिवस माझ्या शेजारी बसून जेवला, आमटीत मीठ कमी आहे हे सांगितलं, आणि हे मात्र सांगितलं नाही. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं. आता सगळं ठीक आहे म्हणून इतक्या मजेत सांगतेय, तेव्हा काय झालं होतं ते माझं मला ठाऊक.

आधी त्यांचं काम समजावते, मलाही ते समजायला वर्षं लागली. डोळ्याच्या मागे एक नस असते, ती दिसलेलं सगळं मेंदूपर्यंत नेते. ती वाळत गेली की माणसाला कडेकडेने दिसेनासं होतं. आमच्याकडे याला काला मोतिया म्हणतात, तिकडे पुण्याकडचे लोक काचबिंदू. त्यावरचं नवीन औषध माकडांवर तपासायचं, तर निरोगी माकडाची नस केवढी, तिच्या मधला खळगा केवढा, भोवतीचा थर किती जाड, हे आधी मोजलेलं पाहिजे. तेच ठाऊक नसेल तर बिघडलेली नस कोणती हे कशावरून ठरवणार? म्हणून त्यांच्या कंपनीतल्या डॉक्टर नेहाताईंनी हे काम काढलं. एकाही माकडाला रोग नाही, औषध नाही. नुसतं मोजायचं आणि निरोगी म्हणजे किती ते ठरवायचं.

मशीन मात्र माणसांसाठी बनवलेलं. त्याच्या पोटात माणसांचे आकडे. थर चांगला जाड असला की ते हिरवं दाखवतं, पातळ असला की लाल. माकडाचा फोटो काढला तरी बिचारं माणसांशीच ताडून बघतं आणि भलताच रंग दाखवतं. नवीन कुणी कामाला आलं आणि लाल बघून दचकलं की आमचे जगदेवराव ऐटीत म्हणत (आमच्याकडे भैयाचं भिया होतं), "भिया, रंगाकडे बघायचंच नाही. मशीनला फक्त माणसं ठाऊक आहेत." हे वाक्य त्यांनी घरी, लग्नात, कंपनीच्या बसमध्ये, सगळीकडे सांगून झालं होतं.

माकडांना कागदावर नंबर आहेत, पण यांनी सगळ्यांना नावं देऊन टाकली. सगळ्यांत वयस्कर नराचं नाव तात्यासाहेब, कारण तो मांडीवर हात ठेवून बसतो आणि केळं दिलं तर उपकार केल्यासारखं घेतो. सुरुवातीला मला वाटायचं तात्यासाहेब म्हणजे कुणी मोठे अधिकारी. घरी येऊन हे सांगायचे, आज तात्यासाहेब नाराज होते, तात्यासाहेबांचं वजन वाढलंय. एका दिवाळीला मी त्यांच्यासाठी चकल्यांचा डबा दिला. डबा रिकामा परत आला, त्या कुणी खाल्ल्या ते मी नंतरही विचारलं नाही.

फोटो काढायचा तर माकडाला थोडा वेळ गुंगीची सुई द्यावी लागते. मग हे त्याचं डोकं हातात धरून मशीनसमोर नीट बसवतात, डोळा कोरडा पडू नये म्हणून थेंब घालतात, अंगावर पांघरूण घालतात. एकदा असं झालं की जनावर गुंगीत आणि मशीन सुरूच होईना. तेव्हापासून यांनी नियम केला, सुई टोचायच्या आधी रोज सकाळी स्वतः मशीनवर हनुवटी टेकवून बसायचं आणि सोबतच्या खंडोजीने त्यांच्या डोळ्याचा फोटो काढायचा. तो नीट आला तरच सुई. आधी आपला डोळा, मग तात्यासाहेबांचा, असं त्यांचं म्हणणं. कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं, हा यांचा स्वतःचा हट्ट. जनावराच्या बाबतीत हा माणूस कुणाचं ऐकत नाही. कुणाच्या तरी चुकीमुळे तात्यासाहेबांना एकदा दुसऱ्यांदा सुई द्यावी लागली, तर त्या संध्याकाळी हे घरी जेवलेसुद्धा नाहीत आणि दुसऱ्या दिवशी जाऊन नेहाताईंशी भांडले.

अशा रीतीने मशीनमध्ये माकडांच्या नंबरांसोबत जगदेवरावांचंही नाव बसलं आणि त्यांच्या डोळ्याचे ढीगभर फोटो जमले. कायम हिरवे. त्या हिरव्याचा त्यांना मनातून आधार होता. माझे सासरे, बापू, काला मोतियानेच गेले अंधारात. कळलं तेव्हा उशीर झाला होता. बापाचं हे दुखणं मुलाला येऊ शकतं, हे यांना कामावर चार डॉक्टरांचं बोलणं ऐकून चांगलंच माहीत होतं.

आणि दसरा झाल्यावर एका सकाळी लाल आलं.

त्यांनी खंडोजीला पुन्हा फोटो काढायला लावला. पुन्हा लाल. खंडोजी म्हणाला, "फोटो मस्त आलाय जगदेव भिया, देऊ का सुई?" तो रंगाकडे बघतच नव्हता. यांनीच त्याला तसं शिकवलेलं. दुसऱ्या दिवशी लाल, पुढच्या आठवड्यात लाल. जुने फोटो काढून शेजारी ठेवले तर तिकडे हिरवं आणि इकडे लाल, म्हणजे नस वाळतेय आणि झपाट्याने वाळतेय. माकडाच्या लालला न घाबरणारा माणूस स्वतःच्या लालला मात्र मुकाट शरण गेला. नेहाताईंना सांगावं तर नजर अधू झालेल्या माणसाला जनावराजवळ कोण ठेवील? डॉक्टरकडे जावं तर बापूंना डॉक्टर काय म्हणाले होते ते यांच्या कानात होतंच. म्हणून कुणालाच सांगितलं नाही.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला फक्त एवढं दिसत होतं की नवरा बिघडलाय. मोटरसायकल चालवेनात. म्हणाले, पेट्रोल कशाला जाळायचं. एका सकाळी बघते तर डोळे मिटून मटार सोलताहेत. मी म्हटलं, "हे काय, ध्यान लावलंय का मटाराचं?" तर म्हणाले, सहज. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून शर्टाची बटणं. मुलगी कृतिका इंदूरला होस्टेलवर असते, तिला रोज व्हिडिओ कॉल. आधी हा माणूस महिन्यातून एकदा "पैसे पोचले का" एवढंच विचारायचा. आता, "कॅमेरा नीट धर बेटा, उजेडात ये." ती मला वेगळा फोन करून विचारायची, "आई, पप्पांना झालं काय?" मी काय सांगणार, मला तरी कुठे माहीत होतं.

आणि माझ्याकडे टक लावून बघणं. मी पोळ्या लाटतेय, हे उंबऱ्याला टेकून बघताहेत. मी सुनावलं, "काही पाहिजे तर बोला, नाहीतर सरका, उजेड अडतो." तरी हलले नाहीत. पन्नाशीला आलेल्या माणसाला अचानक बायको दिसायला लागली, तर कोणत्याही बाईला संशयच येईल. मलाही आला. मी त्यांचे खिसे तपासले, मोबाइल तपासला. मोबाइलमध्ये निघाले तात्यासाहेबांचे फोटो.

संक्रांतीच्या आधी म्हणाले, "चल, धरमपुरीला जाऊ. नर्मदा बघू." मी म्हटलं, कोणतं पर्व आहे? तर म्हणाले, असंच. असंच म्हणून आमच्या घरात आजवर कुणी कुठे गेलेलं नाही. तरी गेले मी. बसने गेलो. घाटावर बसलो. हे पाण्याकडे बघत बसले, पलीकडे जाणाऱ्या नावेकडे बघत बसले, देवळाच्या कळसाकडे बघत बसले, मग परत माझ्याकडे. मी भुईमुगाच्या शेंगा खात होते. शेवटी माझा तोल गेला. म्हटलं, "आता काय ते सांगा, नाहीतर मी या घाटावरून उठणार नाही. दुसरी कुणी आहे का? नोकरी गेली का? काय लपवताय माझ्यापासून?"

ते म्हणाले, "इंदू, बापूंचं झालं तेच माझं होणार आहे. डोळे चाललेत."

शेंगा मांडीवर तशाच पडल्या. बापूंची शेवटची वर्षं मी पाहिलेली आहेत, त्यांचं जेवण मी वाढलेलं आहे, त्यामुळे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मग मी विचारलं, "कोणत्या डॉक्टरने सांगितलं?"

"मशीनने."

"मशीनने? मशीनला डिग्री आहे का?"

"मी रोज बघतो इंदू. मला ते वाचता येतं. दसऱ्यापासून लाल आहे."

दसऱ्यापासून. हे ऐकलं आणि माझं रडू तिथेच आटलं. इतका संताप आला मला की सांगता सोय नाही. मी उठले, पदर खोचला आणि त्यांना म्हटलं, "उठा. उद्या देवासला जायचं." देवास का, तर माझं माहेर तिथलं, आणि धारमध्ये दवाखान्याच्या बाकावर बसले असते तर अर्ध्या गावाने येऊन विचारलं असतं, काय भिया, काय झालं. तिकडे देवीच्या टेकरीच्या रस्त्यावर डॉक्टर रणवीर शितोळे बसतात, माझ्या मैत्रिणीचा मुलगा. पोरगा हुशार. मराठी जरा मोडकी, हिंदी शाळेत शिकलेला ना.

बसमध्ये हे खिडकीतून बाहेर बघत होते आणि मी समोरच्या सीटकडे. मी मनात देवीला म्हणत होते की बाकी काहीही दे, फक्त एवढं नको. दुसऱ्या बाजूने असंही वाटत होतं की खरंच निघालं तर याला मी आधी धरून झोडपणार आहे.

रणवीरने सगळं बघितलं. डोळ्यांचा दाब मोजला. मग एका डब्यात डोकं घालायला लावून बाजूने चमकणारे ठिपके दिसतात का ते विचारलं. मग डोळ्यांत थेंब घातले, आम्हाला बराच वेळ बाहेर बसवलं, आणि शेवटी त्याच्याकडच्या तसल्याच मशीनवर नसेचे फोटो काढले. मी दाराच्या फटीतून बघत होते. हे हनुवटी टेकवून अगदी सवयीने बसले होते. नंतर रणवीर बाहेर आला आणि म्हणाला, "काकी, काकांची नस एकदम ठीक आहे. प्रेशर ठीक, बाजूची नजर ठीक. मतलब, टेन्शनच नका घेऊ."

माझा जीव भांड्यात पडला. आणि हा माणूस, ज्याने देवाचे आभार मानायला हवे होते, तो डॉक्टरशी वाद घालायला लागला. "असं कसं ठीक आहे? माझ्या मशीनवर रोज लाल येतं. तुमचं मशीन तपासून घ्या." मला तर कानशिलात द्यावीशी वाटली. पण रणवीर शांत पोरगा, तो म्हणाला, "काका, तुमचं मशीन कोण सांभाळतं? त्यांना फोन लावा ना, मी बोलतो."

आता नेहाताईंना सांगावंच लागलं. फोन स्पीकरवर ठेवला. यांनी चाचरत सगळं सांगितलं, सकाळचा फोटो, दसऱ्यानंतरचं लाल, बापूंचं. मग नेहाताई हळूच म्हणाल्या, "जगदेव भिया, एक सांगा. तात्यासाहेबांना दोनदा सुई द्यावी लागली म्हणून तुम्ही माझ्याशी भांडला होतात, ते कधी?"

"दसऱ्याला."

"आणि माझ्याकडून काय करून घेतलंत?"

यांनी कपाळाला हात लावला. मला काहीच कळलं नाही, म्हणून मीच विचारलं, "ताई, मला सांगा कुणीतरी."

नेहाताईंनी सांगितलं ते असं. मशीन नसेभोवती एक गोल आखतं आणि त्या गोलावर थराची जाडी मोजतं. माकडाचा डोळा लहान, म्हणून मशीनला दर वेळी डोळ्याचं माप बदलून द्यावं लागतं. ते कुणी तरी विसरलं, म्हणूनच तात्यासाहेबांना दुसरी सुई लागली होती. मग यांनीच हट्ट धरला की मशीनमध्ये माकडाचं माप कायमचं बसवून टाका, म्हणजे कुणी विसरायलाच नको. नेहाताईंनी तसं करून दिलं. त्या दिवसापासून जो कोणी हनुवटी टेकवील तो मशीनच्या लेखी माकड. माकडाच्या मापाने माणसाच्या मोठ्या डोळ्यात गोल आखला की तो नसेपासून लांब पडतो, आणि तिथे थर मुळातच पातळ असतो. झाडाची मुळं खोडाजवळ जाड आणि लांब गेली की बारीक, तसं. मशीनने लांबची बारीक मुळं मोजली आणि रोज इमानाने लाल दाखवलं.

"म्हणजे," मी म्हटलं, "यांना इतके दिवस माकड म्हणून मोजत होतात?"

"हो वहिनी," नेहाताई म्हणाल्या. "आणि माकड म्हणूनही चूकच मोजलं, माप माकडाचं आणि ताडून बघितलं माणसांशी. पण भिया, तुम्ही पहिल्याच दिवशी मला विचारलं असतं तर मी लगेच सांगितलं असतं. मला फार वाईट वाटतंय. मी तुमच्या सकाळच्या फोटोचा विचारच केला नाही."

रणवीर आधी हसला. मग मी हसले, आणि हसता हसता मला इतकं रडू फुटलं की त्याच्या कंपाउंडरने पाणी आणून दिलं. रणवीरने जाताना बजावलं की वडिलांना होतं म्हणून वर्षातून एकदा तरी तपासायला यायचं, आणि माणसांच्या डॉक्टरकडे यायचं. हे लहान पोरासारखे मान हलवत होते. कृतिकाला तिथूनच फोन केला. ती आधी रागावली, मग रडली, अगदी माझ्यावर गेलीये.

बाहेर आलो तेव्हा भर दुपार होती. थेंबांमुळे यांच्या बाहुल्या अजून विस्फारलेल्या, ऊन सहन होईना. मी त्यांना एका दुकानाच्या सावलीत उभं केलं. टेकरीवरून येणारे लोक आमच्या शेजारून जात होते. आता सगळं ठीक झालं होतं ना, तर आत दाबलेलं सगळं वर आलं. मी म्हटलं, "मला का नाही सांगितलं? मी काय परकी होते? बापूंचं सगळं केलं, तुमचं केलं नसतं का? इतके दिवस एकटे कुढत बसलात आणि मी तुमचे खिसे तपासतेय."

ते म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्याच दिवसापासून हळू बोलायला लागली असतीस. माझ्यासमोर हसून, आत जाऊन रडली असतीस. मग मला पुढे सगळा जन्म तुझं तेच तोंड आठवलं असतं. मला हे पाहिजे होतं, रोजचं, रागावलेलं. जेवढं बघून घेता येईल तेवढं बघून घेत होतो."

मग मी त्यांचा दंड धरला आणि तिथेच, देवासच्या भर रस्त्यात, माझ्या माहेरच्या लोकांसमोर, जेवढं तोंडात आलं तेवढं सगळं त्यांना बोलले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसलंही नाही. ते ऐकत उभे होते, आणि मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाले, "जरा मागे सरक ना इंदू. औषधामुळे जवळचं धूसर दिसतंय."